चिंचधरीची मरळ

अल्लीपूरच्या बाजारात मासोळी घ्यायला आलेला माणूस आधी अन्नपूर्णाकडे वळायचा. तिची संपलेली दिसली तरच दुसरीकडे जायचा. तिची मरळ जिवंत असायची. मरळ ही मोठी चिवट जात, ओल्या गोणपाटात गुंडाळली तरी दिवसभर जीव धरून राहते. अन्नपूर्णा ती तशीच टोपल्यात घालून चिंचधरीहून पायी आणायची आणि बाजारात घमेल्यात पाणी ओतून त्यात सोडायची. मग त्या काळ्या पाठीच्या मासोळ्या अशा उसळायच्या की वाकून भाव विचारणाऱ्याचं धोतर भिजायचं.

"घ्या बापूजी, तुमाले पाहून नाचून राह्यली," अन्नपूर्णा म्हणायची, आणि माणूस हसत हसत फसायचा. फसायचा कसला, माल चोख असायचा.

चिंचधरीला एकच तळं. मालगुजाराच्या आज्यानं कधीकाळी बांधलेलं आणि मालगुजारी गेली तसं सरकारजमा झालेलं. पण सरकार लांब होतं, आणि तळं ढिवरपुऱ्याच्या, म्हणजे मासेमारांच्या वस्तीच्या, दारात. पुऱ्यातली सगळी घरं त्या पाण्यावर जगायची. अन्नपूर्णाचा नवरा हरिदास जाळं टाकायचा, ती विकायची. एकुलती लेक प्रमिला आर्वीकडे दिलेली होती आणि तिला दिवस गेले होते. वैशाखात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती.

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्याच्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. पाऊस बेताचा झाला होता. होळी यायच्या आधीच तळ्यानं काठ सोडला, पाणी मधोमध गोळा झालं आणि उघड्या पडलेल्या चिखलात बगळ्यांचा बाजार भरला. पांढरे, राखी, लांब मानेचे, आखूड मानेचे. काठावरच्या चिंचा त्यांच्या विष्ठेनं चुना मारल्यासारख्या पांढऱ्या झाल्या. हरिदासला त्याचं काही वाटलं नाही. पाणी आटलं की मासोळी सोपी सापडते, आणि ढिवराला जे कळतं ते बगळ्यालाही कळतं.

अल्लीपुरात वासुदेवराव पाटलांच्या घरी त्यांची लेक शकुंतला बाळंत झाली होती. वासुदेवरावांच्या घरात मासोळी चालायची, पण तिची चूल मागच्या अंगणात वेगळी. शकुंतलेच्या आईनं, रुख्माबाईनं, अन्नपूर्णाला बाजारातच सांगून ठेवलं होतं, "पोरीच्या अंगात रगत नाई राह्यलं वं. मले दर बाजाराले एक चांगली मरळ पायजे. आन् मधात भेटली तं घरी आणून देजो." बाळंतिणीला मरळीचा रस्सा दिला की ताकद येते, दूध उतरतं, हे त्या भागात लहान पोरालाही ठाऊक. अन्नपूर्णानं पुऱ्यात सापडलेली सगळ्यात मोठी मरळ त्या घरासाठी बाजूला काढायला सुरुवात केली. घरी नेऊन, राखेनं धरून, खवले काढून, तुकडे करून द्यायची. रुख्माबाई तिला मागच्या अंगणात चहा द्यायची. शकुंतला खाटेवरून विचारायची, "काय वं मावशी, प्रमिला कधी येते?" दोघी एका उमरीच्या होत्या.

होळी झाल्यावरच्या बाजारी अन्नपूर्णानं अशीच एक मरळ नेली. विळीवर धरली, डोकं वेगळं केलं, पाठीकडून चीर दिली. मांसात काहीतरी पिवळं दिसलं. जवारीच्या दाण्याएवढं. तिला वाटलं, चरबी असेल. बोटानं दाबलं तर वरचं पापुद्र्यासारखं फुटलं आणि दाणा लांब झाला. मग आखूड झाला. पुन्हा लांब झाला.

रुख्माबाई शेजारीच उभी होती.

"हे काय होय?"

अन्नपूर्णानं दुसरी चीर दिली. तिथं तीन होते. कल्ल्याच्या आतल्या बाजूला तर पसाभर दाणे टोचून ठेवल्यासारखे. जन्मभर मासोळी कापलेली बाई, पण असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. आतड्यात एखादा जंत निघतो, तो आतड्यासोबत फेकला जातो. हे मांसातच घर करून बसलेलं होतं.

"अवो, अळ्या होय ह्या!" रुख्माबाई ओरडली. "मह्या पोरीले तू अळ्या चारून राह्यली का वं?"

"नाई बाई, आजच निंगाल्या. तुमच्याच समोर कापतो ना मी दर खेपेले..."

पण समोर कापलं तरी बारीक नजरेनं पाहिलं होतं कोणी? अन्नपूर्णालाच ते त्या क्षणी आठवलं. आत खाटेवर शकुंतलेनं सगळं ऐकलं होतं. तिला भडभडून उलटी झाली.

त्यानंतर दोनच दिवसांत शकुंतलेला ताप भरला. तापात ती बरळायला लागली, अंगावरचं दूध आटलं, आणि वासुदेवरावांनी बैलगाडीत गादी टाकून तिला हिंगणघाटच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि हा बाळंतपणातला ताप आहे, मासोळीचा यात काही दोष नाही, असं स्वच्छ सांगितलं. सुया दिल्या. पंधरवड्यानं शकुंतला उठून बसली. पण तोवर गोष्ट अल्लीपुरातून निघून पाच गावं फिरून आली होती. डॉक्टर काय म्हणाले ते गाडीतच राहिलं. ढिवरणीनं पाटलाच्या बाळंतिणीला अळ्यांची मासोळी घातली, हे मात्र सगळीकडे पोचलं.

अन्नपूर्णा शकुंतलेला पाहायला गेली. आत जायचं धैर्य होईना, म्हणून मागच्या अंगणाच्या फाटकाशी उभी राहिली. रुख्माबाई बाहेर आली. शिव्या देईल असं वाटलं होतं. तिनं दिल्या नाहीत.

"बरी हाये आता," ती म्हणाली. "डाक्तर म्हणते, मासोळीनं नाई झालं. मी मानतो. तुह्यावर माहा राग नाई, अन्नपूर्णे."

"मंग बाई, म्या..."

"पण नको आणू. मह्या डोळ्यासमोरून ते जातच नाई. भात कालवाले बसली तं भातात दिसते."

शिवी दिली असती तर अन्नपूर्णाला उलट बोलता आलं असतं.

पुऱ्यात आता घरोघर मासोळ्या फाडून पाहणं सुरू झालं. मरळीत होत्याच, बोटरी जातीच्या मासोळीतही होत्या. कुठं एखादा दाणा, कुठं मूठभर. पुऱ्यातला जाणता माणूस कवडू. त्यानं मरीआईला नारळ दिला आणि अन्नपूर्णाला मात्र सगळ्यांदेखत झाडलं. "पाटलाच्या घरात कापाची काय जरूर होती? डोळे झाकून देली असती तं कोणाले समजलं असतं?" तिला वाटलं, खरंच. आणि लगेच वाटलं, नाही. दोन्ही वाटणं घेऊन ती घरी आली.

चैत्रात मच्छीखात्याचा एक साहेब तळ्यावर आला. प्रभाकरराव नाव, नागपूरकडचा, तरुण, पायजम्याचे पाय दुमडून चिखलात उतरणारा. त्यानं मासोळ्या कापल्या, दाणे चिमट्यानं काढून बाटलीत टाकले, पाण्यातून शंख-गोगलगायी उचलून त्याही फोडून पाहिल्या. मग बांधावर बसून सगळ्या पुऱ्याला समजावून सांगितलं, आणि माणूस चांगला होता म्हणून तीनतीनदा सांगितलं.

"हा किडा मुळात बगळ्याचा आहे. बगळ्याच्या घशात तो मोठा होतो. त्याची अंडी पाण्यात पडतात, त्यातून निघालेलं पिल्लू गोगलगायीत शिरतं, गोगलगायीतून मासोळीत. मासोळी बगळा खातो की पुन्हा पहिल्यापासून. माणसाशी त्याचं काही देणंघेणं नाही. नीट शिजवलं की तो मरतो. काढून टाका, खदखदून शिजवा, खुशाल खा."

"मंग साहेब, तुमी हेच बाजारात येऊन सांगा ना," अन्नपूर्णा म्हणाली.

प्रभाकरराव म्हणाला, "बाई, मी सांगेन हो. पण मी काय सांगणार? किडा आहे, पण खा? मी स्वतःच्या घरी असं सांगितलं तर माझी आई ताट भिरकावेल."

हरिदासनं विचारलं, "तळ्यातून जाईन कसा हा?"

"गोगलगायी काढल्या तर साखळी तुटते. किंवा बगळे यायचे थांबले तर. किंवा तळं एकदा पूर्ण सुकवून गाळ तापू दिला तर."

साहेब बाटल्या घेऊन गेला. अहवाल देतो म्हणाला. दिला असेलही.

तळं सुकवायचं म्हटल्यावर गाव अंगावर आलं. गावची जनावरं त्याच पाण्यावर होती आणि उन्हाळा पुढे उभा होता. बगळ्यांना हाकलायचं म्हणून पोरांनी डबे बडवले. बगळे उडायचे, तळ्यावर एक फेरा घालायचे आणि पलीकडच्या काठावर उतरायचे. राहता राहिल्या गोगलगायी. अन्नपूर्णानं बाया गोळा केल्या. भर उन्हात लुगड्याचे काचे मारून त्या पाण्यात उतरल्या आणि टोपल्या टोपल्या गोगलगायी काढून दूर नाल्यापलीकडे नेऊन ओतल्या. चिखलात हात घालून घालून बोटांची सालं निघाली. पहिल्या दिवशी बाया गाणी म्हणत होत्या. आठवड्यानं पाहिलं तर काठाच्या प्रत्येक दगडाखाली हरभऱ्याएवढी नवी पिल्लं चिकटलेली. एकीनं दगड उचलला, पाहिलं, आणि होता तिथं अलगद ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी कोणीच उतरलं नाही.

तेव्हा अन्नपूर्णाच्या डोक्यात एक गोष्ट आली. तिनं हरिदासला सांगितली तर तो म्हणाला, "पागल झाली का वं तू?" पण बाजाराच्या दिवशी टोपलं उचलून तोही तिच्यामागून निघाला.

तिच्या नेहमीच्या जागी तिनं तीन दगड मांडले, जाळ केला, हंडी चढवली. मरळ सगळ्यांसमोर कापली. दाणे दिसले ते लपवले नाहीत, सुरीच्या टोकानं एकेक काढून विस्तवात टाकले. माणसं गोळा झाली. तिखट, हळद, चिंचेचा कोळ घालून तिनं रस्सा उकळला. इतका उकळला की मांस काट्यांवरून सुटलं. मग गठुड्यातली भाकर सोडली आणि नवरा-बायको भर बाजारात जेवायला बसले.

"पाहा," ती म्हणाली. "साहेबानं सांगतलं, शिजली का मरते. आमी खाऊन राह्यलो. आमाले काई झालं तं बोला."

हरिदासची मान वर होत नव्हती. तो घास गिळायचा, पाणी प्यायचा, पुन्हा घास घ्यायचा. गर्दीत कोणी नाकाला उपरणं लावलं. एक बाई थुंकली. अन्नपूर्णानं मुद्दाम मोठे घास घेतले, बोटं चाटली, आणि चव खरंच चांगली होती. पण इतक्या डोळ्यांसमोर तिला ती चव लागत नव्हती.

जेवण झालं. कोणीच पुढं येईना. तेवढ्यात मागून एक माणूस म्हणाला, आणि तो चिडून नाही, अगदी समजूतदारपणे म्हणाला, "त्याईच्या पोटाले पचते बाप्पा. ढिवर होय ते. आपल्याले थोडी पचते?"

हो, हो, असं म्हणत गर्दी पांगली. डॉक्टराचं, साहेबाचं, अन्नपूर्णाच्या जेवणाचं, सगळ्याचं उत्तर त्या एका वाक्यात मिळालं होतं. ज्यांनी अळी पाहिली नव्हती, फक्त ऐकली होती, त्यांनीही आज ती डोळ्यांनी पाहिली. त्या दिवसापासून चिंचधरीचं नाव काढलं की अल्लीपूरचा माणूस टोपल्याकडे न पाहताच पुढे जायचा. कोण्या दुसऱ्या गावच्या नदीची मासोळी म्हणून विकून पाहणाऱ्या पुऱ्यातल्या बायांना लोकांनी चेहऱ्यांवरून ओळखलं.

कवडूनं तिला आता झाडलं नाही. तो फक्त म्हणाला, "तुहा इचार चांगला होता, पोरी," आणि हे ऐकून तिला जास्त रडू आलं.

हरिदास सडकेच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागला. पाण्यातला माणूस तो. दगडानं त्याचे तळहात फुटले. पुऱ्यातले बरेचजण तिकडेच गेले. जाळी आढ्याला टांगली गेली. तळ्यावर आता बगळ्यांखेरीज कोणी नसायचं.

वैशाखात प्रमिला आली. पोट मोठं, चेहरा वाळलेला. तिच्या सासरी त्या साली खाण्यापिण्याची ओढाताण होती. बाळंतपण जड गेलं, पण सुटली. मुलगी झाली. मूठभर जीव. पाचवीच्या दिवशीही प्रमिलाच्या अंगावर दूध उतरलं नव्हतं. पोरगी चोखून चोखून दमायची आणि मग रडायची, तेही फार नाही.

सुईणीनं सांगितलं, "हिच्या अंगात काईच नाई. मरळीचा रस्सा दे. तुमच्या तं दारात हाये."

दारात होती खरी. हरिदास त्या दिवशी कामावर गेला नाही. आढ्याचं जाळं काढलं, तळ्यात उतरला आणि दुपारपर्यंत हातभर लांबीची मरळ घेऊन आला. अन्नपूर्णानं ती मागच्या दारी नेली. कापली. दाणे होते. तिनं ते एकेक करून काढले. मग प्रत्येक तुकडा उजेडाकडे धरून पाहिला. मग काटे सोडवून मांस बोटांनी कुस्करून पाहिलं. जाळ मोठा केला. पाणी आटलं की पुन्हा ओतायचं, पुन्हा उकळायचं. मासोळीचा नुसता लगदा झाला. साहेबाचे शब्द तिला पाठ होते: खदखदून शिजवा, खुशाल खा. ती स्वतः भर बाजारात जेवली होती. नवरा जेवला होता. दोघंही धडधाकट होते.

रस्सा वाडग्यात ओतून ती आत आली. प्रमिला भिंतीला टेकून बसली होती. वास आल्याबरोबर तिचे डोळे उघडले.

"मरळ होय का मा? दे लवकर. किती दिसानं वास आला."

अन्नपूर्णा खाली बसली. वाडगा हातातच होता. रश्श्यावर तेलाचे पिवळे थेंब तरंगत होते. तेलच होतं ते, तिला माहीत होतं. तिनंच घातलेलं होतं. एक थेंब दुसऱ्याला मिळाला आणि लांब झाला.

तिचा हात पुढे होईना.

"दे ना वं."

"थांब. गरम हाये."

"फुकून पितो मी."

अन्नपूर्णानं वाडगा मागे घेतला. प्रमिला आईकडे पाहत राहिली. तिला माहेरच्या तळ्याची सगळी हकीकत कळलेली होती, पण भुकेपुढं तिला त्याचं काही नव्हतं.

"काढल्या ना तू? शिजवलं ना?"

"काढल्या. शिजवलं."

"मंग?"

"मनाले कायजी वाटते."

"तूच तं बाजारात बसून खाल्ली म्हणते. आपल्या पोटाले काई होत नाई म्हणून लोकाईले सांगतलं. मंग मले काऊन देत नाई?"

रुख्माबाई फाटकाशी उभी राहून जे म्हणाली होती ते अन्नपूर्णाला आता पहिल्यांदा नीट ऐकू आलं. मी मानतो, पण नको. हरिदास दारात आला, दोघींकडे पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं असावं, कारण तो काही न विचारता परत फिरला.

"वरण देतो तुले," अन्नपूर्णा कशीबशी म्हणाली. "तुरीचं पातळ वरण. त्यानंबी उतरते."

"वरणानं उतरलं असतं तं कालच उतरलं असतं," प्रमिला म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. तिच्या कुशीत पोरगी जागी झाली आणि बारीक आवाजात कुरकुरू लागली.

वाडगा घेऊन अन्नपूर्णा मागच्या दारी आली. फेकावं तर इतकी मोठी मरळ, इतका जाळ, नवऱ्याचा खाडा. ती उंबऱ्यावर बसली आणि तो रस्सा स्वतःच प्याली, सगळा, लगद्यासकट. तिला एकदाही ओकारी आली नाही. रडू मात्र येत राहिलं. मग तोंड पुसून, गडवा घेऊन ती पुऱ्यात शेळीचं दूध मागायला निघाली. कवडूच्या घरी शेळी होती, पण ती गाभण होती. पलीकडच्या घरी अर्धा गडवा मिळाला.

ते दूध पाणी घालून, कापसाच्या बोळ्यानं पोरीला पाजलं. काही पोटात गेलं, काही ओघळलं. पुढं आठवडाभरात प्रमिलाला थोडंफार दूध आलं. वरणानं आलं, का आपोआप आलं, देव जाणे. पुरत कधीच नव्हतं. सव्वा महिन्यानं जावई न्यायला आला तेव्हा पोरगी जिवंत होती, इतकंच म्हणता येईल. प्रमिला जाताना आईच्या पाया पडली, पण गळ्यात पडली नाही.

पावसाळ्यात तळं भरलं. बगळे पांगले. गावातले लोक म्हणाले, आता पाणी नवं झालं, रोगराई वाहून गेली असेल. श्रावणात हरिदासनं एकदा जाळं टाकलं. बोटभर लांबीची मरळीची पिल्लं सापडली. त्यानं एक चिरून पाहिलं आणि जाळं तिथंच पाण्यात उपडं करून सगळी परत सोडून दिली. तो घरी आला तेव्हा अन्नपूर्णानं त्याचं ओलं, रिकामं जाळं पाहिलं. मजुरीनं निंदणाला, तण काढायला, जायचं होतं. डोक्याला फडकं बांधून, विळा घेऊन ती वासुदेवरावांच्या वावराच्या वाटेला लागली.